दोन स्पीकरांची बैठक

कळंबच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांचे दुकान असलेल्या एका कुटुंबात मागील दिवाळीच्या आधी एक प्रश्न उपस्थित झाला. प्रश्न भांडवलाचा नव्हता, वाटणीचा नव्हता, सोयरिकीचाही नव्हता. घरात गाणे ऐकण्यासाठी कोणते यंत्र आणावे, एवढाच तो होता. मुलाचे मत होम थिएटरच्या रिसीव्हरकडे झुकलेले, तर वडिलांचे साध्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरकडे. आठ-पंधरा दिवसांत मिटावा असा हा विषय दोन महिने चालला, कारण त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न होता आणि तो बोलून दाखवण्यास दोघांपैकी कोणीच पुढे येत नव्हते.

कळंब हे नागपूर-तुळजापूर महामार्गावरचे, यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. विदर्भातील अष्टविनायकांत गणना होणाऱ्या चिंतामणीमुळे ते दूरवर ओळखले जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे आली आणि गावाच्या बोलण्यात एक नवा विषय वाढला. पण गावाचा जुना विषय एकच, तो म्हणजे कापूस. या कुटुंबातील आजोबांचा व्यवहारही कापसाचाच होता. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली, खाजगी खरेदी थांबली आणि आजोबांनी पेढीवरचा मोठा काटा उतरवून तेथे कापडाचे ठाण मांडले. तेव्हापासून घर कापडावर चालले. पुढे निर्बंध सैल झाल्यावर नातवाने पुन्हा कापसात हात घातला, हा भाग वेगळा.

आजोबांचे चिरंजीव, ज्यांना घरात आणि बाजारात सगळे ‘बाबूजी’ म्हणतात, ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. हिशोबाला कडक, बोलण्यात मोजके आणि गाण्याचे वेडे. दुकानाच्या गल्ल्याशेजारी रेडिओ ठेवण्याची पद्धत त्यांनीच पाडली. १९४८ पासूनचे आकाशवाणीचे नागपूर केंद्र आणि १९५७ मध्ये सुरू झालेली विविध भारती या दोहोंवर त्यांचा कान तयार झाला. गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून वर्षभर प्रसारित झाले, तेव्हा बाबूजी पाळण्यात होते; पण पुढे त्याच्या ध्वनिमुद्रिका त्यांनी नागपुरातून जपून आणल्या. रवींद्र जैन यांच्या ‘गीत गाता चल’ आणि ‘चितचोर’ या चित्रपटांची गाणी त्यांच्या ऐन तारुण्यातील. त्या तबकड्यांची पाकिटे आजही दुकानातल्या कापडी पिशव्यांत घालून ठेवलेली आहेत.

या संग्रहात एक वस्तू मात्र बाजारात मिळणारी नाही. ती म्हणजे १९८८ सालची एक कॅसेट. दिवाळीच्या दुपारी घरातल्या बाई, म्हणजे बाबूजींच्या पत्नी, स्वयंपाकघरातून मोकळ्या होऊन ओसरीवर बसल्या होत्या. बाबूजींनी नवीन घेतलेला टेपरेकॉर्डर समोर ठेवला आणि गाण्याचा आग्रह केला. त्या लाजल्या, मग एक स्तवन म्हटले आणि त्यानंतर सासरी शिकलेले एक अंगाईगीत. सगळे मिळून अकरा मिनिटे. मागे विहिरीच्या रहाटाची कुरकुर ऐकू येते, आणि मध्येच एक मूल रडते. बाई चार वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर ती कॅसेट लावण्याचे धाडस बाबूजींना बराच काळ झाले नाही. आणि जेव्हा झाले, तेव्हा जुना टेपरेकॉर्डर फीत ओढून धरू लागला. मुलाने तातडीने ती कॅसेट जाणकाराकडून पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. ज्यांच्या घरी असे आवाज अजून फितीवर आहेत, त्यांनी हे काम पुढे ढकलू नये. फीत कायमची टिकत नाही, आणि ती वाजवणारी चांगली यंत्रे तर त्याहून वेगाने नाहीशी होत आहेत.

पेन ड्राइव्हवर आवाज आला, पण तो ऐकायचा कशावर? मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर बाबूजींना तो रुचेना. तेथूनच यंत्र घेण्याची गोष्ट निघाली. मुलाने मनात हिशोब केला. घरात मोठा टीव्ही आहे, मुलांना चित्रपट आवडतात, बाबूजींना गाणी. एकच रिसीव्हर आणावा, पाच स्पीकर आणि एक सबवूफर लावावा, म्हणजे सगळ्यांचे काम भागेल. बाबूजींनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “गाण्याला दोन पुरतात. पाच कशाला?” मुलाने तोडगा काढला, “मग असे करू. बैठकीत आमचा पाच स्पीकरांचा संच आणि तुमच्या खोलीत तुमच्यासाठी छोटा स्टिरिओ.” यावर बाबूजी काहीच बोलले नाहीत. मुलाला वाटले, होकार आहे.

दिवाळीआधीच्या एका रविवारी बापलेक आणि बारा वर्षांचा नातू नागपुरास सीताबर्डीवरील एका दुकानात गेले. दुकानदाराने आधी मोठा संच दाखवला. चित्रपटातील पावसाचा प्रसंग लावला. पाऊस मागे पडू लागला, वीज डावीकडून उजवीकडे गेली, मेघगर्जनेने खुर्ची हादरली. नातू उभाच राहिला. बाबूजींनाही मौज वाटली. १९७५ साली प्रदर्शित झालेल्या ‘शोले’च्या बहुध्वनी मुद्रणाची त्या वेळी केवढी चर्चा होती, याची त्यांना आठवण झाली. जो अनुभव तेव्हा मोठ्या शहरातल्या निवडक चित्रपटगृहात मिळे, तो आता घरात येतो, ही काही लहान गोष्ट नव्हे.

मग त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढून दिला.

आवाज सुरू झाला आणि बाबूजींचा चेहरा बदलला. बाईंचा आवाज समोरून येत होता, मागूनही येत होता, छताखालून घुमत होता. रहाटाची कुरकुर कानामागे सरकली होती. दोन ओळी झाल्यावर त्यांनी हात वर करून थांबवण्याची खूण केली. “ही एवढ्या मोठ्या देवडीत कधी गायली नाही,” ते म्हणाले, “ओसरीवर बसून गायली होती.”

दुकानदाराने त्यांना शेजारच्या खोलीत नेले. तेथे एक साधा दिसणारा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर होते. तोच आवाज लागला. या वेळी तो ना डाव्या स्पीकरमधून येत होता ना उजव्या. दोघांच्या बरोबर मध्ये, जेथे काहीच ठेवलेले नव्हते, तेथून येत होता. रहाट थोडा मागे होता, मूल त्याहून मागे. बाबूजींनी अकरा मिनिटे डोळे मिटून ऐकले.

एवढ्यावरून स्टिरिओ श्रेष्ठ आणि रिसीव्हर कनिष्ठ असा निवाडा मुलाने देऊन टाकला असता. पण दुकानात काम करणारे एक वयस्क कारागीर प्रामाणिक निघाले. त्यांनी सगळ्यांना पुन्हा पहिल्या खोलीत आणले, रिसीव्हरचे एक बटण दाबले, पाचांपैकी तीन स्पीकर आणि सबवूफर बंद केले आणि तीच फाइल लावली. बाईंचा आवाज मध्यभागी परत आला. दोष यंत्राचा नव्हता. दोन वाहिन्यांचे किंवा एकाच वाहिनीचे मूळ ध्वनिमुद्रण ताणून पाच स्पीकरांत पसरवणारी एक सोय त्यात असते; ‘हॉल’, ‘स्टेडियम’, ‘सर्व स्पीकर’ अशा नावांनी ती येते आणि कित्येकदा आपोआप चालू राहते. ज्यांच्या घरी रिसीव्हर आधीच आहे आणि गाणे विचित्र घुमते अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी नवीन खरेदीस निघण्यापूर्वी ‘स्टिरिओ’ किंवा ‘डायरेक्ट’ असे लिहिलेले बटण दाबून पाहावे. खर्च शून्य.

मग फरक तरी कशाचा? मुलाने हा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर व्यापाऱ्याला लगेच कळेल असे आहे.

आधी ध्वनिमुद्रणाची गोष्ट. अ‍ॅलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्ये दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणाचे पेटंट मागितले. दोन्ही कानांपर्यंत आवाज पोहोचण्यात एका मिलिसेकंदाहूनही कमी अंतर पडते आणि त्यावरून मेंदू दिशा ठरवतो, या गोष्टीचा त्याने उपयोग करून घेतला. स्टिरिओ तबकड्या बाजारात येण्यास मात्र १९५८ उजाडले. १९८२ मध्ये आलेली सीडीही दोनच वाहिन्यांची. म्हणजे ज्या संगीतावर आपल्या घरांची मने पोसली, ते बहुतेक सगळे दोन वाहिन्यांचे, आणि त्याहून जुने एकाच वाहिनीचे आहे. त्यास पाच स्पीकर दिले म्हणून त्यातून पाच वाहिन्यांचा माल निघत नाही. चित्रपटाचे उलट आहे. तेथे संवाद मधल्या स्पीकरसाठी, पाऊस मागच्या स्पीकरसाठी, असा माल मुळातच वेगवेगळ्या पोत्यांत भरून येतो. ‘५.१’ म्हणजे पाच पूर्ण वाहिन्या आणि खर्जासाठी एक वेगळी. २०१२ पासून चित्रपटगृहांत आलेल्या डॉल्बी अ‍ॅटमॉसने त्यात छताचीही भर घातली. अलीकडे काही नवी गाणीही या पद्धतीने मिळू लागली आहेत. ज्यांना ती अनेक स्पीकरांवर तशीच ऐकायची आहेत, त्यांस रिसीव्हर उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट किमतीच्या विभागणीची. समजा, साठ हजारांचा रिसीव्हर आणि साठ हजारांचाच स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर समोर आहेत. रिसीव्हरमध्ये त्या रकमेतून सात अ‍ॅम्प्लिफायर बसवायचे, चित्र पुढे पाठवणारे एचडीएमआयचे सर्किट घालायचे, नाना प्रकारचे ध्वनिसंकेत उलगडणारी चिप लावायची आणि त्या तंत्रांच्या मालकांचे परवानाशुल्क भरायचे. स्टिरिओत तीच रक्कम दोन अ‍ॅम्प्लिफायर, एक भक्कम ट्रान्सफॉर्मर आणि एक दणकट आवाजाची कळ यांवर खर्च होते. एकाच भांडवलात सात दुकाने थाटणारा आणि दोनच थाटणारा यांच्या दुकानांतील मालाची भर सारखी कशी असेल?

तिसरी गोष्ट वॉटची, आणि बाबूजींना सर्वांत जास्त हीच पटली. खोक्यावर ‘१५० वॉट’ असा आकडा ठळक असतो. खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते की ही शक्ती एकच वाहिनी चालू असताना, सहा ओहमच्या भारावर, एकाच सुरावर मोजली आहे. सातही वाहिन्या एकदम चालवल्या की तो आकडा बराच खाली येतो. चांगल्या स्टिरिओवर ‘५० वॉट’ लिहिलेले असेल, पण ते दोन्ही वाहिन्या एकत्र चालू असताना, आठ ओहमवर, खर्जापासून तारस्वरापर्यंत आणि विकृतीचे प्रमाण अत्यल्प ठेवून मोजलेले असते. हा घोळ नवा नाही. अमेरिकेत वाढवून सांगितलेल्या वॉटांना आळा घालण्यासाठी १९७४ मध्ये नियम करावा लागला. आपल्याकडे १९९०च्या दशकात टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजार-हजार वॉटचे आकडे चिकटवलेले असत, ते अनेकांना आठवत असतील. कापसाच्या व्यवहारात पाण्याचे वजन कापसाच्या भावाने कोणी घेत नाही. सरकारी खरेदीत आर्द्रता आठ टक्के धरून भाव ठरतो, त्यावर कपात होते आणि बारा टक्क्यांपलीकडचा माल परत जातो. वॉटचेही तसेच. आकडा पाहण्याआधी त्यातील ओल किती, हे विचारावे.

त्यापुढची गंमत अशी की घरात ऐकण्यास एवढे वॉट लागतही नाहीत. सर्वसाधारण चांगला स्पीकर एका वॉटवर, एक मीटर अंतरावर, सुमारे ८५ ते ९० डेसिबल आवाज देतो. सामान्य संभाषण ६० डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे बैठकीत भजन, नाट्यगीत किंवा जुनी चित्रपटगीते ऐकताना यंत्र सरासरी एखाद्या वॉटवरच चालते. तबल्याची थाप किंवा तारसप्तकातील तान आली की क्षणभर दहा-वीस वॉटांची गरज भासते. वॉट दुप्पट केल्याने आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो, जो जेमतेम जाणवतो. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. १९७८ मध्ये आलेला ‘नॅड ३०२०’ हा अवघ्या वीस वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर जगभर नावाजला गेला, यात म्हणूनच नवल नाही.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मध्यम आवाजात, समान पातळीवर आणि तेच स्पीकर लावून ऐकले, तर चांगला रिसीव्हर आणि चांगला अ‍ॅम्प्लिफायर यांतील फरक डोळे मिटून सांगणे भल्याभल्यांना अवघड जाते. दुकानात दोन यंत्रांची तुलना करताना एकाचा आवाज किंचित मोठा असला, तरी ते यंत्र आपोआप अधिक गोड वाटते. म्हणून दोन्हींचा आवाज सारखा करून घेण्याचा आग्रह धरावा. रिसीव्हरमध्ये मायक्रोफोन लावून खोलीचे माप घेण्याची आणि त्यानुसार आवाज सुधारण्याची जी सोय असते, ती स्वस्त स्टिरिओत सहसा मिळत नाही. कोपऱ्यात जेथे खर्ज फुगतो, तेथे ही सोय खरोखर उपयोगी पडते. सबवूफर नीट जोडणेही रिसीव्हरवर सोपे. शिवाय घरातले सहा-सात जण बैठकीत पसरून बसणार असतील, तर मधल्या स्पीकरमुळे संवाद सर्वांना पडद्यावरूनच येताना ऐकू येतात. स्टिरिओचा तो मधोमध उभा राहणारा गायक मात्र मध्यभागी बसणाऱ्यालाच पूर्णपणे भेटतो.

टिकण्याच्या बाबतीत पारडे पुन्हा फिरते. रिसीव्हर हा अर्धा संगणक असतो. एचडीएमआयची २.० आवृत्ती २०१३ मध्ये आली, २.१ ही २०१७ मध्ये. प्रत्येक वेळी टीव्ही पुढे गेला आणि कालपरवाचा रिसीव्हर मागे पडला. जुन्या बाजारात त्याचा भाव म्हणूनच लवकर कोसळतो. स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरचे काम पन्नास वर्षांत बदललेले नाही. एखादा कपॅसिटर बदलून तो पुन्हा उभा राहतो. घसारा काढण्याची सवय असलेल्यांनी हा हिशोब जरूर मांडावा. विदर्भापुरता आणखी एक मुद्दा आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा सात अ‍ॅम्प्लिफायर एका डब्यात तापत असतात. टीव्हीखालच्या बंद कपाटात असा रिसीव्हर कोंडू नये. वर आणि बाजूंना वीतभर जागा मोकळी ठेवावी आणि विजेच्या चढउतारासाठी योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर लावावा.

नागपूरहून परतताना गाडीत हे सगळे बोलणे झाले. वर्धा मागे पडले, देवळी गेली. मुलगा म्हणाला, “बाबूजी, मग ठरले. तुमच्या खोलीत स्टिरिओ. आमच्यासाठी बैठकीत रिसीव्हर. दोन्ही घेऊ.” रक्कम परवडत होती. तरीही बाबूजी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस होता. मग ते म्हणाले, “बेटा, म्हणजे बाई माझ्या खोलीत आणि घर बैठकीत. असेच ना?”

मुलाला पहिल्यांदा कळले की दोन महिने वाद कशावर चालला होता. वडिलांना वेगळे यंत्र नको होते, कारण वेगळ्या यंत्राबरोबर वेगळी खोली येते, वेगळ्या खोलीबरोबर बंद दार येते आणि बंद दाराआड बसलेल्या माणसाला घर हळूहळू जेवणाच्या वेळीच हाक मारू लागते. दुकान त्यांनी स्वतःहून मुलाच्या हाती दिले होते. गल्ल्याशेजारचा रेडिओही तेथेच राहिला होता. आता बैठकही सोडायची, हे त्यांच्याने होत नव्हते. आणि ते बोलून दाखवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. दुसरीकडे मुलालाही आपल्या लेकरांना निराश करायचे नव्हते. दिवसभर बाजारात राहणाऱ्या बापाला मुलांबरोबर बसण्याची जी एक वेळ मिळते, ती रात्रीच्या चित्रपटाचीच होती.

घरी आल्यावर सूनबाईंनी कागद घेतला. वाणिज्य शाखेच्या पदवीधर असल्याने घरातील मोठ्या खर्चाचा ताळा त्याच घालतात. एकूण तरतूद दीड लाखाची. त्यांनी विचारले, “आठवड्यात चित्रपट किती वेळ आणि गाणी किती वेळ?” हिशोब झाला. चित्रपट चार तास, तेही परीक्षा नसेल तर. गाणी मात्र सकाळच्या स्तवनांपासून रात्रीच्या जुन्या गीतांपर्यंत रोज दोन-अडीच तास. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, “एचडीएमआयने टीव्हीला जोडता येईल असा स्टिरिओ मिळतो का?” मिळतो, आता अनेक स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरवर ती सोय येते. मग एकच संच, बैठकीत, सगळ्यांसाठी. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन चांगले स्पीकर. चित्रपटही त्यांवरच. पाऊस मागे पडणार नाही, समोर पडेल.

नातवाने तोंड वाकडे केले. त्याला सांगण्यात आले की वर्षभर हे चालवून पाहू. उणीव फारच जाणवली, तर पुढे रिसीव्हर जोडता येईल आणि हेच दोन स्पीकर त्यात कामी येतील. हे त्याचे समाधान करण्यासाठीच सांगितलेले नव्हते. ज्या स्टिरिओवर ‘होम थिएटर बायपास’ ची सोय असते आणि ज्या रिसीव्हरला ‘प्री-आउट’ असते, ती दोन्ही एकत्र नांदू शकतात. पुढील विस्तारासाठी एवढी जागा आज राखून ठेवावी.

रकमेची विभागणीही सूनबाईंनीच केली. निम्म्याहून अधिक पैसा स्पीकरांवर, कारण शेवटी कानाशी बोलतो तो स्पीकर, त्याखालोखाल अ‍ॅम्प्लिफायर, थोडी रक्कम जुन्या तबकड्यांसाठी टर्नटेबलची सुई आणि पट्टा बदलण्यास. महागड्या तारांवर एक रुपयाही नाही. पुरेशा जाडीची शुद्ध तांब्याची तार बाजारातूनच आणली.

खरी मेहनत खोलीने घेतली. बैठकीत कोटा फरशी, उघड्या भिंती, दोन मोठ्या काचेच्या खिडक्या. मध्ये उभे राहून टाळी वाजवली की ती खणखणत परत येई. अशा खोलीत कोणतेही यंत्र कर्कशच वाटते. बाबूजींना उपाय सुचला. आजोबांच्या पेढीवरच्या कापसाच्या जाड गाद्या आणि लोड माळ्यावर पडून होते. ते उन्हात टाकून, पिंजून, नवीन पांढऱ्या खोळी घालून बैठकीत अंथरले गेले. खिडक्यांना दुकानातलेच जाड कापडाचे पडदे लागले. टाळीचा खणखणाट बसला. जुन्या पेढ्यांवरील बोलणे इतके शांत आणि स्पष्ट का ऐकू येई, याचे उत्तर त्या गाद्यांत होते, हे तेव्हा लक्षात आले. स्पीकर भिंतीपासून दीड हात पुढे आले. दोघांमध्ये जेवढे अंतर, तेवढेच अंतर प्रत्येक स्पीकरपासून बसणाऱ्यापर्यंत. आणि स्पीकरांचा वरचा लहान कर्णा बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. एका स्पीकरची लाल-काळी तार उलटी लागली होती, त्यामुळे पहिल्या दिवशी गायक मध्यभागी उभाच राहिना आणि खर्जही गळून गेला. तार सुलट केली आणि दोन्ही जागेवर आले.

भाऊबीजेच्या दुपारी पुण्याहून आलेली मुलगी, जावई, धाकटे बंधू, मुले असे सगळे गादीवर बसले होते. बाबूजींना सगळ्यांनी मधली जागा दिली. त्यांनी ती घेतली नाही. “मी बाजूला बसतो,” ते म्हणाले, “मी पुष्कळ ऐकले आहे.” मधल्या जागेवर नातू बसला.

कॅसेटचा आवाज सुरू झाला. आधी फितीची सरसर, मग टेपरेकॉर्डरची कळ दाबल्याचा खटका, मग बाईंचे लाजून हसणे, जे मोबाइलवर कोणालाच ऐकू आले नव्हते. स्तवन झाले. अंगाई सुरू झाली. रहाट कुरकुरला आणि मागून मूल रडू लागले.

नातू समोरच्या रिकाम्या जागेकडे टक लावून पाहत होता. त्याने मान न वळवता विचारले, “दादाजी, दादीच्या मागे रडतेय ते कोण?”

“तुझे बाबा,” बाबूजी म्हणाले. “दोन वर्षांचे होते. कडेवर घेत नाही म्हणून रडत होते.”

मुलाने खाली मान घातली. सूनबाईंनी आवाज थोडा वाढवला.